वाचक विचारतात: मुराकामीची फुलं आणि स्क्रीनप्रिंटचा घोळ

मागच्या अंकात ताकाशी मुराकामी या जपानी चित्रकाराच्या एका लिमिटेड एडिशन, म्हणजे मोजक्याच प्रतींच्या, स्क्रीनप्रिंटबद्दल मी जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या, हसरी फुलं, शंभर प्रती, खाली सही, एवढंच. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आलीत की या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच द्यायचा ठरवलं. बरीचशी पत्रं जपानात राहणाऱ्या मराठी मंडळींची आहेत. नावं कोणाचीच देत नाहीये, कारण दोघांनी स्पष्ट लिहिलंय की घरी अजून सांगितलेलं नाही.

प्रश्न: ताई, मी तोक्योला निशी-कासाईत राहतो, आयटीत आहे. मुराकामीच्या फुलांचं एक प्रिंट घ्यायचं फार मनात आहे, शंभरचं एडिशन. बायको म्हणते छापलेलंच आहे ना, मग म्युझियमच्या दुकानातून पोस्टर आण की, दोन-तीन हजार येनमध्ये येईल. मला तिला धड उत्तरच देता येत नाहीये.

उत्तर: वहिनींचा प्रश्न रास्त आहे, आणि खरं सांगू का, हा प्रश्न स्वतःला विचारल्याशिवाय कोणी प्रिंट घेऊच नये. पोस्टर म्हणजे काय, तर चित्र कुठेतरी दुसरीकडे आहे, त्याचा फोटो काढला, चार शायांमध्ये मशीनवर छापला, संपले की परत छापले. स्क्रीनप्रिंटमध्ये शेवटी हातात येतो तो कागद हेच चित्र. आता मुराकामीच्या बाबतीत तीच फुलं आधी पेंटिंगमध्ये येऊन गेलेली असतात बऱ्याचदा, ते मी नाकारत नाही, पण प्रिंटसाठी ती प्रतिमा एकेका रंगात सोडवून परत पहिल्यापासून रचावी लागते आणि खरी मेहनत तिथेच आहे.

कशी ते सांगते. एक चौकट, तिच्यावर ताणून बसवलेली बारीक जाळी, पूर्वी रेशमाची असायची म्हणून सिल्कस्क्रीन, आता पॉलिएस्टरची. जाळीवर इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होणारं लुकण, फासायचं, अंधारात वाळवायचं, मग एका रंगापुरती काळी पॉझिटिव्ह फिल्म त्यावर ठेवून लाइट मारायचा. उजेड लागला तिथे इमल्शन कडक होतं, काळ्याखाली झाकलेलं मऊ राहतं आणि पाण्याने धुतलं की निघून जातं, तेवढीच जाळी मोकळी. खाली कागद, वर शाई, आणि स्क्वीजी, म्हणजे रबरी पात्याची पट्टी, दाबून एकदा ओढायची. झाला एक रंग. पुढच्या रंगाला दुसरी स्क्रीन. आता एका फुलाचा हिशोब करा, पाकळ्यांचे रंग, मधला चेहरा, उघड्या तोंडाचं लाल, डोळ्यातली चमक, बाहेरची रेघ, आणि अशी फुलं एकाला एक चिकटून कागदभर. समजा तीस रंग निघाले आणि शंभर प्रती करायच्यात तर तीन हजार वेळा स्क्वीजी ओढायची, बिघडणार म्हणून जास्तीचे कागद घेतात ते यात धरलेच नाहीत. प्रत्येक रंग वाळेपर्यंत थांबायचं, तेवढ्यात हवा दमट झाली की कागद जरासा फुगतो आणि पुढचा रंग गेला रेघेबाहेर. मी शिकत होते तेव्हा पाच रंगांच्या एका साध्या मांजरीने मला रडवलं होतं, चाळीसातले अकरा कागद धड निघाले, बाकी सगळ्यांवर डोळा एकीकडे आणि बुबुळ भलतीकडे.

आणि हो, स्टेन्सिलमधून रंग काढणं ही काही जपानला बाहेरून आलेली गंमत नाही. मिए प्रांतात इसे कातागामी म्हणून कापडछपाईचे स्टेन्सिल करतात, वाशी म्हणजे जपानी हातकागदाचे थर काकीच्या म्हणजे जपानी पर्सिमनच्या चिकाने एकमेकांना चिकटवायचे, त्यात नक्षी कोरायची, आणि नक्षी फारच नाजूक असेल तर तुकडे सुटू नयेत म्हणून थरांच्या मध्ये रेशमाचे धागे घालायचे. ते धागे म्हणजे जवळपास जाळीच की. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमनने स्क्रीनप्रिंटिंगचं पेटंट घेतलं १९०७ मध्ये, हे काम त्याच्या कितीतरी आधीचं.

तर वहिनींना हे एवढं सांगा. पण भिंतीवर नुसतं रंगीत काहीतरी हवं असेल तर पोस्टरने काही बिघडत नाही, उरलेल्या पैशात दोघं क्योतोला जाऊन या.

प्रश्न: माझ्या प्रिंटवर ९३/१०० असं लिहिलंय. मित्राकडे त्याच प्रिंटचा ८/१०० आहे आणि तो त्यावरून फार भाव खातो. लहान नंबर खरंच चांगला असतो का? आणि काहींवर नंबरच नसतो, नुसतं एपी असतं, ते काय?

उत्तर: खाऊ द्या भाव. लहान नंबरचं वेड तांब्याच्या प्लेटवरच्या छपाईतून आलंय, ड्रायपॉइंटमध्ये, म्हणजे सुईने प्लेटवर ओरखडून केलेल्या चित्रात, प्लेट खरंच झिजते आणि पहिल्या काही प्रती जास्त ठसठशीत येतात. स्क्रीन शंभर प्रतींत झिजत नाही. शिवाय वीस-तीस रंग चढेपर्यंत कागदांचा गठ्ठा इतक्या वेळा वरखाली होतो की पहिला कुठला न शेवटचा कुठला हे छापणाऱ्यालाही सांगता येणार नाही, नंबर पडतात ते शेवटी सही करताना.

एपी म्हणजे आर्टिस्ट्स प्रूफ, कलाकाराने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. पीपी छापणाऱ्याच्या, एचसी म्हणजे विक्रीसाठी नसलेल्या, अर्थात त्याही कधीतरी बाजारात येतातच. म्हणजे शंभरचं एडिशन म्हटलं तरी जगात शंभरपेक्षा थोडे जास्त कागद असतात, विकणाऱ्याला विचारायचं ते हेच, की १०० अधिक किती. मित्राला हेही सांगा की जुना जपानी चित्रकार होकुसाईची ती प्रसिद्ध लाट १८३१ च्या आसपासची, तिच्यावर ना नंबर ना मर्यादा, कोरलेल्या लाकडी फळ्या झिजेपर्यंत हजारोंनी छापली, आणि तिथे मात्र लवकरची प्रत खरंच वेगळी दिसते.

प्रश्न: ऑनलाइन एका विक्रेत्याने "मुराकामी ओरिजिनल स्क्रीनप्रिंट, ३०० एडिशन" असं लिहिलंय पण खाली बारीक अक्षरात ऑफसेट लिथोग्राफ, कोल्ड स्टॅम्प, हाय ग्लॉस वार्निश असंही लिहिलंय. मग हे नक्की काय आहे?

उत्तर: बारीक अक्षरं खरं बोलतायत. या एका गोष्टीवर मला सगळ्यात जास्त लिहायचंय कारण इथेच लोक फसतात, आणि गंमत म्हणजे कोणी मुद्दाम फसवत असतं असंही नाही, बोलताना सगळं सरसकट "सिल्कस्क्रीन" होऊन जातं.

मुराकामीची जी फुलांची प्रिंट सगळीकडे दिसतात, ३०० च्या एडिशनची, चौकोनी किंवा ती ७१ सेंटिमीटर व्यासाची गोल गोल फ्लॉवर बॉल, त्यातली खूपशी ऑफसेट लिथोग्राफ आहेत. मशीनवर छापलेली. वर चमकदार फॉइलचा थर, म्हणजे कोल्ड स्टॅम्प, आणि त्यावर काचेसारखं वार्निश. सही असते, नंबर असतो, प्रिंट खरंच असतं, पण स्क्रीनप्रिंट नसतं. खऱ्या सिल्कस्क्रीनची एडिशन्स वेगळी, बऱ्याचदा १०० ची, आणि किंमतही बरीच वरची. तिसरा प्रकार हल्ली वाढलाय, खाली आर्काइव्हल पिगमेंट प्रिंट म्हणजे चांगल्या प्रतीचं इंकजेट आणि त्यावर काही थर सिल्कस्क्रीनचे.

ओळखायचं कसं, तर दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. ऑफसेटमध्ये रंगाच्या भागात बारीक ठिपक्यांची छोटी छोटी फुलं दिसतील, निळा, किरमिजी, पिवळा, काळा, एकाच वळणाची रांगोळी घातल्यासारखी. इंकजेटमध्ये ठिपके असतात पण विस्कटलेले, फवारा मारल्यासारखे. स्क्रीनप्रिंटमध्ये गुलाबी म्हणजे सलग गुलाबी, ठिपका नाही काही नाही, आणि कडेला कधीकधी जाळीच्या दातऱ्या दिसतात. मग कागद उजेडात तिरका धरा, शाईला जाडी असते, एका रंगावर दुसरा जिथे चढलाय तिथे पायरी दिसते. एवढंच लक्षात ठेवा की स्क्रीनमधूनही ठिपके छापता येतात, अमेरिकेच्या अँडी वॉरहॉलने १९६२ पासून फोटो तसेच तर छापले, पण ते ठिपके मोठे असतात, नुसत्या डोळ्यांनीही कळतात. आणि वार्निशवरून अंदाज बांधू नका, ते दिसायला जाड असतं आणि माणूस हमखास चकतो. बोट तर लावूच नका.

यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीच्या भोपळ्यांच्या प्रिंटबद्दलही दोघींनी विचारलंय. कुसामा प्रिंट करायला लागली १९७९ मध्ये, एचिंग, लिथोग्राफ, स्क्रीनप्रिंट सगळं केलंय, आणि काही स्क्रीनप्रिंटमध्ये ती लामे वापरते म्हणजे चमकी. अशी चमकी कागदावर बसवायला स्क्रीनसारखं दुसरं साधन नाही, फोटोत ती अजिबात कळत नाही, समोर उभं राहून डोकं जरा हलवलं की भोपळा चमचमतो.

तर मग ऑफसेट घ्यायचं की नाही? घ्या की. मला स्वतःला त्यातली काही फार आवडतात. फक्त ऑफसेटला ऑफसेटचे पैसे द्या.

प्रश्न: मुराकामी स्वतः काहीच करत नाही, कंपनीतली शंभर माणसं करतात आणि हा फक्त सही ठोकतो असं ऐकलं. मग ते त्याचं कसं? मी चित्रकलेची विद्यार्थिनी आहे आणि खरं सांगू का ताई, मला याचा रागच येतो.

उत्तर: अगं राग येऊ दे, पण जपानात उभं राहून बघ एकदा. उकियो-ए ची, म्हणजे लाकडी फळ्यांवरून छापलेली ती जुनी जपानी प्रिंट कोण करायचं? चित्रकार रेषा काढून द्यायचा, फळी कोरायचा होरिशी, छापायचा सुरिशी, आणि पैसा, विषय, रंग या सगळ्यात ढवळाढवळ करायचा हानमोतो, म्हणजे प्रकाशक. होकुसाईने लाटेची फळी स्वतः कोरली नाही आणि त्याबद्दल कोणी त्याच्यावर रागावलं नाही. एकट्याने सगळं करायचं ही कल्पना तिथे उलट नवी आहे, कानाए यामामोतोने १९०४ मध्ये मच्छीमाराचं एक चित्र स्वतःच काढलं, स्वतःच कोरलं आणि स्वतःच छापलं, तिथून सोसाकू हांगा म्हणजे सर्जनशील प्रिंटची चळवळ सुरू झाली असं मानतात. म्हणजे तुझा राग हा यामामोतोच्या बाजूचा आहे आणि मुराकामी त्या जुन्या प्रकाशकाच्या बाजूचा.

त्याचं शिक्षणही लक्षात घे. १९६२ चा जन्म, तोक्योचा, आणि शिकला काय तर निहोंगा, म्हणजे खनिज रंग, सरस, सोन्याचा वर्ख वापरून करायची पारंपरिक चित्रकला, त्यात १९९३ मध्ये डॉक्टरेट केली. कार्टूनवाला म्हणून त्याला झटकणाऱ्यांना हे माहीत नसतं. १९९६ मध्ये हिरोपोन फॅक्टरी काढली, २००१ मध्ये तिची काइकाइ किकी नावाची कंपनी झाली. तोक्योच्या शेजारी सैतामा प्रांतात त्याचा मोठा स्टुडिओ आहे, तिथे पेंटिंगसुद्धा बऱ्याच अंशी स्क्रीनमधूनच होतात, कॅनव्हासवर एकेक रंग स्क्वीजीने चढवतात, घासतात, परत चढवतात, ब्रशचा एक फटकारा दिसू नये म्हणून. हा सपाटपणा त्याला मुद्दाम हवा असतो. २००० साली त्याने सुपरफ्लॅट हा शब्द काढला, मांडणी थोडक्यात अशी की जुनी जपानी चित्रं, मांगा, ॲनिमे सगळ्यांत खोली नाही, सगळं एकाच पातळीवर, आणि युद्धानंतरच्या जपानी समाजातही उच्च कला आणि बाजारू कला असे मजले नाहीत. आता अशा माणसाला स्क्रीनप्रिंट नाही आवडणार तर काय, सपाट रंग देणारं यापेक्षा चोख तंत्र कुठलं?

मला मात्र त्याची दुसरीच गोष्ट भावते. त्याच्या मोठ्या कॅनव्हासच्या मागे काम करणाऱ्या सगळ्यांची नावं लिहिलेली असतात, सिनेमाच्या शेवटी येतात तशी. होरिशी आणि सुरिशींची नावं लाटेच्या प्रिंटवर शोधून दाखव, नाहीत. तुझा राग सहीवर असेल तर हा मुद्दा त्यात मोजायला हवा असं मला वाटतं. प्रिंटच्या मागे मात्र अशी यादी नसते, तिथे तुझं बरोबर आहे.

प्रश्न: गुंतवणूक म्हणून कसं आहे? पाच वर्षांत दुप्पट होईल का?

उत्तर: मला माहीत असतं तर मी कॉलम लिहीत बसले असते का.

बातम्यांमधले आकडे प्रिंटला लावू नका. मुराकामीचा माय लोनसम काउबॉय हा पुतळा २००८ मध्ये न्यूयॉर्कला १ कोटी ५२ लाख डॉलरला गेला, दुसरा जपानी चित्रकार योशितोमो नारा याचं नाइफ बिहाइंड बॅक हे चित्र २०१९ मध्ये हाँगकाँगला १९ कोटी ५७ लाख हाँगकाँग डॉलरला गेलं, आणि दुसऱ्या दिवशी लोक ३०० च्या एडिशनचा कागद हातात घेऊन स्वप्नं बघायला लागतात. पुतळा वेगळा, एकच कॅनव्हास वेगळा, तीनशे जणांकडे असलेला कागद वेगळा. शिवाय हा माणूस थांबत नाही, नवी प्रिंट काढतच राहतो, नाकानो ब्रॉडवेमधल्या त्याच्या दुकानातून आणि ऑनलाइन, चूसेन पद्धतीने म्हणजे लॉटरी काढून. नाव लागलं तर मूळ किमतीत मिळतं आणि उड्या पडतात त्या त्यामुळेच, कारण बाहेर लगेच वरच्या भावाने विकायला लावता येतं. फॅशन उतरली की हेच विकणारे सगळ्यात आधी पळतात. २०२० मध्ये तर मुराकामीने स्वतः व्हिडिओ टाकून सांगितलं होतं की कंपनी बुडायच्या बेताला आली आणि जेलीफिश आइज सिनेमाचा पुढचा भाग बंद करतोय. बाजार असा वरखाली होत असतो, भिंतीवर लावून रोज बघावंसं वाटत असेल तर घ्या, नुसतं गुंडाळून कपाटात ठेवायचं असेल तर शेअर घ्या, ते निदान बुरशी धरत नाहीत.

एक राहिलंच, जपानमध्ये प्रिंट पुन्हा विकलं गेलं तर कलाकाराला त्यातला वाटा मिळायचा कायदा नाही, युरोपात आहे. नवीन प्रिंट त्याच्याच दुकानातून घेतलं तर पैसे त्याच्याकडे जातात, मला हे बरं वाटतं, बाकी तुमची मर्जी.

प्रश्न: प्रिंट आलंय, रोलमध्येच आहे, तोक्योच्या पावसाळ्याची भीती वाटते म्हणून उघडलंच नाहीये. फ्रेम कशी करू?

उत्तर: भीती बरोबर आहे पण रोलमध्ये ठेवणं जास्त वाईट. जाड वार्निश असलेलं प्रिंट महिनोन्‌महिने गुंडाळलेलं राहिलं तर त्याला वळण बसतं आणि थराला तडे जायची भीती असते. उघडा, स्वच्छ टेबलावर, हात धुऊन कोरडे करून, सुती किंवा नायट्राइल हातमोजे घालून, आणि सपाट ठेवा.

फ्रेमवाल्याला इतकं सांगायचं: आम्लरहित मॅट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) आणि मागचा बोर्ड, समोर यूव्ही अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक, आणि काच प्रिंटला टेकता कामा नये, वार्निश काचेला चिकटलं तर सोडवताना अर्धं फूल काचेवर जातं. कागद बोर्डाला अख्खा चिकटवायचा नाही, वरच्या कडेला वाशी कागदाच्या दोन छोट्या पट्ट्या, गव्हाच्या खळीने लावलेल्या, बास. ही पद्धत जपानीच आहे आणि जगभरची म्युझियम हेच करतात, पाण्याने ओली केली की सुटते. कडा कापून फ्रेममध्ये बसवतो असं कोणी म्हणालं तर प्रिंट उचला आणि बाहेर पडा. माझं एक जुनं प्रिंट मी विश्वासाने दिलं होतं एका ठिकाणी, त्याने मागून चिकटपट्टी लावली, सहा वर्षांनी उघडलं तर चारही कोपऱ्यांत चहाच्या रंगाचे चौकोन पुढपर्यंत उमटलेले. ते जात नाहीत.

आता त्सुयू, जून ते जुलैचा तो चिकचिकीत महिना-दीड महिना. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिथे ओल येते, आणि हिवाळ्यात खिडक्यांवर आतून पाणी साचतं त्या खिडक्यांशेजारीही नको. आतली भिंत, एसीचा दोराइ म्हणजे हवा कोरडी करणारा मोड, आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या आसपास ठेवायचा प्रयत्न करा. कागदावरच्या कामासाठी म्युझियममध्ये साधारण ५० लक्सचा उजेड ठेवतात, घरात एवढा अंधार कोण ठेवणार, पण ऊन थेट पडू देऊ नका. फ्लोरोसंट गुलाबी आणि नारिंगी सगळ्यात आधी उडतात, आणि मग हसरं फूल आजारी दिसायला लागतं.

प्रश्न: सेकंड हँड घेतोय, नकली नाही हे कसं कळेल? विक्रेता सर्टिफिकेट देतोय.

उत्तर: सर्टिफिकेट हाही छापलेला कागदच आहे, प्रिंटपेक्षा सोपा. २०२१ च्या सुरुवातीला जपानात मोठं प्रकरण बाहेर आलं, इकुओ हिरायामा, काइइ हिगाशियामा अशा दिग्गज चित्रकारांच्या बनावट प्रिंट वर्षानुवर्षं विकल्या गेल्या होत्या, काही तर नामांकित डिपार्टमेंट स्टोअरमधून, नंतर अटकाही झाल्या. तेव्हा चकचकीत दुकान म्हणजे खात्री असं समजू नका.

मी काय बघते ते सांगते. त्या नावाच्या प्रिंटचं एडिशन किती, कागदाची मापं काय, सही कुठे आणि कशाने, हे आधीच्या लिलावांच्या नोंदींतून काढायचं आणि समोरच्या कागदाशी ताडून बघायचं. मग तोच नंबर शोधायचा, म्हणजे तुमचा ४५/३०० असेल तर ४५/३०० आधी कुठे विकला गेलाय का, एकाच वेळी दोन गावांत एकच नंबर दिसला तर एक तरी खोटा आहे. पहिल्या खरेदीची पावती मागायची. भिंग आहेच. आणि जपानात जुना माल विकायचा धंदा करणाऱ्याला कोबुत्सुशोचा परवाना लागतो, प्रांताच्या सार्वजनिक सुरक्षा आयोगाचा, त्याचा नंबर दुकानात आणि साइटवर असायला हवा, नसेल तर पुढे बोलूच नका. ऑनलाइन लिलावात "खरं-खोटं माहीत नाही, परत घेणार नाही" असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ विक्रेत्याला नीट माहीत आहे असा घ्यायचा.

प्रश्न: प्रिंट माझं, मग त्याचे टी-शर्ट छापून मित्रांना विकले तर चालेल?

उत्तर: नाही. कागद तुमचा, कॉपीराइट त्याचा, जपानी कायद्यात कलाकाराच्या मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत. आणि टी-शर्ट विकणं हा त्याचा स्वतःचा धंदा आहे, तिथे तो तुम्हाला हात घालू देणार नाही.

प्रश्न: ताई, हे सगळं वाचून स्वतःच करून बघावंसं वाटतंय. घरी जमेल?

उत्तर: जमेल, आणि जपानात तर घराघरात जमत होतं. रिसो कंपनीने १९७७ मध्ये प्रिंट गोक्को नावाचं खेळण्याएवढं यंत्र काढलं, कार्बनवाल्या शाईने काढलेलं चित्र आत ठेवायचं, वर फ्लॅश बल्ब फटकन पेटवायचे, त्या उष्णतेने पडद्याला छिद्रं पडून स्टेन्सिल तयार, मग शाई घालून वरचं झाकण दाबलं की एक नेंगाजो छापून तयार. नेंगाजो म्हणजे नववर्षाची पोस्टकार्डं, डिसेंबरात घरोघरी सगळं कुटुंब बसून शेकड्यांनी छापायचं, एका पडद्यावर दोन-तीन रंग शेजारीशेजारी घालायचे. घरात कॉम्प्युटर आणि प्रिंटर आले आणि २००८ मध्ये यंत्राची विक्री बंद झाली, पुढे शाई न बल्बही बंद झाले. जुनी यंत्रं जपानातल्या रीसायकल शॉपमध्ये अजून सापडतात, पण बल्ब आणि पडदे आहेत का ते आधी बघा, नाहीतर नुसतं झाकण उघडझाप करत बसाल. त्यापेक्षा लहान चौकट, जाळी, पाण्याची शाई आणि एक स्क्वीजी आणा. सुरुवात दोन रंगांपासून करा. मांजर काढू नका.

प्रश्न: गोल प्रिंट आहे, फ्लॉवर बॉल. वरची बाजू कोणती? सासूबाई आणि मी, दोघींनी वेगवेगळी लावून बघितली.

उत्तर: सही आणि नंबर जिथे सरळ वाचता येतो ती खालची बाजू. मधल्या मोठ्या फुलाचा चेहराही मग सरळ दिसेल. सासूबाईंची बरोबर निघाली असेल तर मला कळवू नका.